ठिणगीची वेळ

मोटारगाडी घरात आली म्हणजे तिच्या पेट्रोलाचा हिशेब ठेवणारी माणसे घरोघर आढळतात. तिचे ऑइल वेळेवर बदलले की नाही, हे विचारणारे एखादे वडीलधारे माणूसही असते. परंतु एंजिनाच्या आत ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडते, ह्याची चौकशी करणारा गृहस्थ विरळा. वस्तुतः एंजिनाची शक्ति, त्याचे आयुष्य आणि मालकाची शिल्लक ही तिन्ही ज्या एका गोष्टीवर अवलंबून असतात, ती गोष्ट म्हणजे ठिणगीची ही वेळ होय. अलीकडे तरुण मंडळींत अतिशय जलद फिरणाऱ्या एंजिनांची आवड वाढली आहे, आणि ‘टायमिंग थोडे पुढे घेतले की गाडी उडते’ असे वाक्य त्यांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. ह्या वाक्यात सत्याचा अंश आहे. म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. तो अंश कोठवर खरा आणि कोठून पुढे खोटा, हे सुज्ञ वाचकांपुढे मांडावे ह्या हेतूने ह्या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम मूळ क्रिया पाहू. पेट्रोलच्या एंजिनात दट्ट्या खाली जाताना हवा व पेट्रोल ह्यांचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या वर येताना ते दाबले जाते. मग ठिणगीने ते पेटते आणि त्याच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो. शेवटी पुन्हा वर येताना तो जळालेला वायु बाहेर लोटतो. ह्या चार क्रियांत मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, दोन फेरे होतात. दट्ट्या ज्या ठिकाणी सर्वांत वर असतो त्यास आपण शिरोबिंदु म्हणू. एका फेऱ्याचे ३६० अंश धरले, म्हणजे शिरोबिंदूच्या आधी किंवा नंतर किती अंशांवर एखादी गोष्ट घडते हे सांगता येते.

आता कित्येकांचा समज असा असतो की, ठिणगी पडताच मिश्रणाचा स्फोट होतो, आणि म्हणून ती बरोबर शिरोबिंदूवरच पडावयास हवी. हा समज बरोबर नाही. मिश्रण स्फोटाने उडत नाही; ते जळते. ठिणगीपाशी लहानशी ज्योत उत्पन्न होते आणि वणवा माळावरून पसरावा तशी ती सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पसरत जाते. ह्यास वेळ लागतो. अनुभवाने असे ठरले आहे की, मिश्रणाचा निम्मा भाग शिरोबिंदूनंतर सुमारे ८ ते १० अंशांवर जळून झाला, आणि दाबाचा कळस १४ ते १६ अंशांच्या सुमारास आला, म्हणजे दट्ट्यावर सर्वांत उपयुक्त रेटा मिळतो. हे साधावयाचे तर ठिणगी शिरोबिंदूच्या बरीच आधी टाकली पाहिजे. ह्या आधीच्या अंशांनाच कारखान्यात ‘ॲडव्हान्स’ म्हणतात.

संगीताच्या बैठकीला बसणाऱ्या वाचकांस हे तत्त्व नवे नाही. तबलजी तिहाई घेतो ती समेवर संपावी म्हणून. परंतु ती संपवावयाची समेवर असली तरी सुरू करावयाची असते किती तरी मात्रा आधी. समेवर सुरू केली तर ती सम उलटून गेल्यावर संपेल आणि बैठकीचा विरस होईल. फार आधी सुरू केली तर समेपूर्वीच संपून हात रिकामे राहतील. शिवाय तोच बोल त्याच वेगाने वाजवावयाचा असून तालाची लय मात्र दुप्पट झाली, तर तो दुप्पट मात्रा आधी उचलावा लागेल. एंजिनाची सम म्हणजे दाबाचा तो कळस. लय वाढली की ठिणगी अधिक अंश आधी पडावयास हवी, ह्याचे बीज येथे आहे.

मोटारीच्या आरंभकाळी हे काम चालकाच्या हाती होते. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत सुकाणूच्या चाकाखाली डाव्या बाजूस ह्यासाठी एक दांडी असे. गाडी वेग घेऊ लागली की चालक ती ओढून ठिणगी पुढे घेई आणि चढावर एंजिन अडखळू लागले की मागे नेई. एंजिन हँडलने फिरवून सुरू करण्यापूर्वी ही दांडी मागे नेणे अत्यावश्यक होते. कारण ते विसरल्यास दट्ट्या वर पोहोचण्याआधीच मिश्रण पेटून एंजिन उलटा झटका देई, आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग ह्यांच्या विजेच्या स्टार्टरने १९१२ साली कॅडिलॅक गाडीतून हँडलची जरूरी दूर केली. पुढे हळूहळू वेगाबरोबर फाकणारी वजने आणि पोकळीने ओढला जाणारा पडदा ह्यांच्या साह्याने ठिणगी आपोआप मागेपुढे होऊ लागली. आज हे काम गाडीतील लहानसा संगणक करतो. त्यात एक कोष्टक असते. उभ्या ओळीत फेऱ्यांची गति आणि आडव्या ओळीत एंजिनावरील भार, आणि प्रत्येक घरात ठिणगीचे अंश. पाढ्यांचे पुस्तक ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे कोष्टक समजण्यास अडचण पडू नये. आजचे ‘ट्यूनिंग’ म्हणजे पुष्कळ अंशी ह्या कोष्टकातील आकडे बदलणे होय.

आता जलद फिरणाऱ्या एंजिनाचे एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. जपानच्या होंडा कंपनीने १९९९ साली ‘एस २०००’ नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. तिचे एंजिन १९९७ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ८४ मिलिमीटर. हे एंजिन मिनिटास ९००० फेऱ्यांपर्यंत नेण्याची मुभा निर्मात्यांनीच दिलेली होती. मिनिटास ९००० म्हणजे सेकंदास १५० फेरे. दट्ट्या सेकंदात ३०० वेळा वरखाली धाव घेतो आणि त्याची सरासरी गति सेकंदास २५ मीटरांहून थोडी अधिक होते. क्रँकचा एक अंश फिरण्यास लागणारा काळ सेकंदाचा ५४ हजारावा भाग. चार सिलिंडरांत मिळून सेकंदास ३०० ठिणग्या पडतात. एकाच कॉइलकडून हे काम घेतले तर दोन ठिणग्यांच्या मध्ये तिला भरून घेण्यास सेकंदाचा तीनशेवा भागच मिळेल. म्हणून ह्या एंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसविलेली आहे.

येथे चिकित्सक वाचक एक शंका घेईल. समजा, २००० फेऱ्यांना ठिणगी २० अंश आधी पडते आणि निम्मे मिश्रण शिरोबिंदूनंतर ८ अंशांवर जळून होते. म्हणजे ह्यास २८ अंशांचा काळ लागला. आता फेरे चौपट, म्हणजे ८०००, झाले. जळण्यास तेवढाच काळ लागेल तर अंशही चौपट, म्हणजे ११२ लागतील, आणि ठिणगी १०४ अंश आधी टाकावी लागेल. इतक्या आधी तर मिश्रण धड दाबलेलेही नसते. मग हे एंजिन चालते तरी कसे?

ह्या शंकेचे समाधान मोठे मनोरम आहे. एंजिन जितक्या जलद फिरते तितक्याच वेगाने मिश्रण आत घुसते, आणि त्यात तितकीच जोराची खळबळ माजते. ह्या खळबळीमुळे ज्योतीचा पृष्ठभाग चुरगळलेल्या वस्त्रासारखा होऊन विस्तारतो, आणि ज्योत त्या मानाने झपाट्याने पसरते. जणू लय वाढली की तबलजीचा हातही आपोआप जलद चालू लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात चौपट गतीला लागणारे आगाऊ अंश चौपट नसून, पूर्ण भारावर, पुष्कळदा २५ ते ३५ ह्यांच्या दरम्यानच असतात. मध्यम गतीनंतर त्यांची वाढ मंदावते आणि कित्येक एंजिनांत वरच्या टोकाला ती जवळजवळ थांबते. ‘गति वाढली, तेव्हा ॲडव्हान्सही वाढवीतच जा’ हा त्रैराशिकाचा हिशेब येथे लागू पडत नाही, तो ह्यामुळे. उलट, गाडी निवांत चालत असता आत येणारे मिश्रण विरळ असते व ते सावकाश जळते. तेव्हा पूर्ण भाराहून अधिक, कधी कधी ४० अंशांपर्यंतही, ॲडव्हान्स लागतो. एवंच प्रत्येक गतीला आणि प्रत्येक भाराला स्वतंत्र मुहूर्त आहे.

हा मुहूर्त चुकला तर काय होते? ठिणगी उशिरा पडली तर दट्ट्या खाली निघून गेल्यावर दाब त्याचा पाठलाग करतो. शक्ति घटते, आणि न वापरलेली उष्णता धुराच्या नळीवाटे बाहेर जाऊन तेथील झडपा तापविते. हे नुकसान खरे, पण बहुधा सावकाशीचे असते. ठिणगी फार लवकर पडली तर मात्र दुहेरी संकट येते. वर येणाऱ्या दट्ट्याला वरून विरोध होतो, हे एक. दुसरे असे की, ज्योत पसरत असता पलीकडच्या कोपऱ्यात अजून न जळलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने इतके तापते की, ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप एकदम पेटते. त्या धक्क्याने सिलिंडरातील वायु घंटेसारखा निनादतो. ह्यालाच नॉकिंग म्हणतात. त्या निनादाने दट्ट्याच्या पृष्ठावरील संरक्षक वायूचा थर विसकटतो, उष्णता सरळ धातूत शिरते, आणि दट्ट्याच्या कडा खचू लागतात. आपल्या भाषेत ‘आगाऊपणा’ हा शब्द निंदाव्यंजक आहे, तो एंजिनालाही लागू पडतो म्हणावयाचा!

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस आहेत. त्यांनी वर सांगितलेली गाडी जुन्या बाजारातून घेतली आणि टेक्सास प्रांतात असता एका कारागिराकडून तिच्या मूळ संगणकाच्या जागी कोष्टक बदलता येईल असा दुसरा संगणक बसविला. त्या गृहस्थाने हिवाळ्याच्या दिवसांत, तेथे मिळणाऱ्या ९३ आकड्याच्या उंची पेट्रोलवर, शक्तीचा शेवटचा कण मिळेपर्यंत ठिणगी पुढे घेतली, आणि नॉकिंग ओळखणारा जो संवेदक असतो तो नव्या संगणकाला जोडलाच नाही. पुढे चिरंजीवांची बदली कॅलिफोर्नियात झाली. तेथे पंपावर मिळणारे उंची पेट्रोल सामान्यतः ९१ आकड्याचे असते. कोष्टक तेच राहिले. उन्हाळ्यात एका लांब चढावर पूर्ण भाराने गाडी चालविता चालविता शक्ति एकाएकी घटली व मागे निळा धूर निघू लागला. एंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या दट्ट्याची, कड्यांच्या मधली, भिंत तुटलेली आढळली. मुलीच्या शाळेसाठी बाजूला टाकलेली रक्कम त्या दुरुस्तीत गेली. घरी फोन आला तेव्हा त्यांच्या मातोश्रींना पैशाहून अधिक काळजी वाटली ती ही की, त्या घाटात गाडी बंद पडून काही भलतेच झाले असते तर? चिरंजीव मात्र पुनःपुन्हा एकच म्हणत होते, “काका, ऐकू काहीच आले नाही हो! नॉकिंग झाले असते तर कळले नसते का?”

ह्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एवढ्या व्यासाच्या सिलिंडरात नॉकिंगचा नाद सेकंदास सुमारे सहा ते सात हजार कंपनांचा असतो. मंद गतीच्या गाडीत तो डब्यात खडे हलविल्यासारखा ऐकू येतो. परंतु आठ-नऊ हजार फेऱ्यांना झडपा, साखळ्या व वारा ह्यांचाच कोलाहल एवढा असतो की, चालकाच्या कानाला तो वेगळा काढता येत नाही. अशा गतीला मिश्रणास आपोआप पेटण्यास वेळ थोडा मिळतो, हे खरे. म्हणून नॉकिंगचा संभव पुष्कळदा मध्यम गतीला अधिक असतो. पण वरच्या गतीला ते एकदा सुरू झाले, तर एकेका सिलिंडरात सेकंदास ७५ घाव बसू शकतात, आणि मनुष्य सावध होईपर्यंत कार्यभाग उरकलेला असतो.

पेट्रोलच्या आकड्यांबद्दलही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हा आकडा, म्हणजे ऑक्टेन, पेट्रोलच्या शक्तीचे माप नव्हे; नॉकिंगला ते किती दाद देत नाही, ह्याचे ते माप आहे. शिवाय अमेरिकेतील पंपावरचा आकडा दोन कसोट्यांच्या सरासरीचा असतो, आणि आपल्याकडे त्यांपैकी एकाच, तुलनेने सौम्य, कसोटीचा आकडा सांगतात. त्यामुळे तेच पेट्रोल आपल्याकडे चार-पाच अंकांनी मोठे दिसते. परदेशातून उतरून घेतलेले कोष्टक ‘आकडा तर तोच आहे’ म्हणून येथील गाडीत घालणे म्हणजे तोळ्याचे वजन मानून ग्रॅम देण्यासारखे आहे.

नॉकिंग टाळण्याच्या हव्यासाची किंमत जगाने एकदा फार मोठी मोजली आहे, हेही विसरू नये. केटरिंग ह्यांच्याच हाताखालील थॉमस मिजली ह्यांनी १९२१ साली शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले असता नॉकिंग थांबते, असे शोधून काढले. त्याच्या विषाने १९२४ साली न्यू जर्सीतील एका कारखान्यात ५ कामगार दगावले. तरीही ते वापरात राहिले, आणि धुरातून निघणारे शिसे पिढ्यान् पिढ्या मुलांच्या रक्तात शिरले. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. रस्त्यावरील मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्याने २०२१ साली ते सोडले.

असो. आता योग्य रीति कोणती, ते सांगतो. पहिली पायरी म्हणजे संगणक जे अंश सांगतो तेच प्रत्यक्षात पडतात की नाही, ह्याची खातरजमा. ह्यासाठी ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा क्रँकच्या पुलीवरील खुणेवर धरतात. मूळ मापच ५ अंशांनी चुकले असेल, तर कोष्टकातील प्रत्येक घर ५ अंशांनी खोटे ठरते. ही तपासणी मंद गतीला एकदा करून भागत नाही. तारांतून व यंत्रांतून संदेश जाण्यास सेकंदाचा वीस हजारावा भाग जरी उशीर झाला, तरी २००० फेऱ्यांना त्याचा फरक अर्ध्या अंशाहून किंचित अधिक, पण ९००० फेऱ्यांना २.७ अंश होतो. सबब खूण वरच्या गतीलाही जागेवर राहते का, हे पाहिलेच पाहिजे.

दुसरी पायरी डायनॅमोमीटरवरची. हे यंत्र गाडीला एका ठराविक गतीवर रोखून धरते आणि तिचे फिरविण्याचे बल, म्हणजे टॉर्क, मोजते. आरंभ नेहमी कमी अंशांपासून करावा आणि एकेक-दोनदोन अंश पुढे जावे. आरंभी बल स्पष्ट वाढते. मग वाढ मंदावते. मग एक पठार लागते, जेथे अंश वाढले तरी बल वाढत नाही. पठार लागताच थांबावे आणि त्याच्या अलीकडच्या कडेवर यावे. पठार लागण्याआधीच नॉकिंगचा नाद संवेदकाने किंवा कारागिराच्या कानावरील यंत्राने टिपला, तर तेथेच थांबून दोन-तीन अंश मागे यावे, आणि ‘आपल्या पेट्रोलला एवढेच झेपते’ असे समजावे. चिरंजीवांच्या गाडीचे एंजिन नव्याने बांधल्यावर दुसऱ्या एका अनुभवी कारागिराने असेच केले. ८००० फेऱ्यांना २६ वरून २८ अंशांवर जाता बल थोडे वाढले. २८ वरून ३० वर जाता मुळीच वाढले नाही. पहिल्या कारागिराने त्याच जागी ३२ ठेवले होते! म्हणजे ज्या शेवटच्या अंशांनी दट्ट्या फोडला, त्यांनी शक्ति काडीचीही दिली नव्हती.

तिसरी पायरी सावधगिरीची. थंडीत बसविलेले कोष्टक उन्हाळ्यात तपासावे. आत येणारी हवा व पाणी तापले की ठिणगी आपोआप मागे घेणारे दुय्यम कोष्टक भरावे. संवेदक कधीही तोडू नये. आणि प्लग उतरवून त्यांचे पांढरे टोक भिंगाने पाहावे. त्यावर चकाकणारे बारीक ठिपके दिसले, तर ते वितळून उडालेल्या दट्ट्याच्या धातूचे असू शकतात, आणि तेवढी सूचना पुरे आहे.

कारागीर मंडळींत ह्या पठाराच्या अलीकडच्या कडेला ‘सर्वाधिक बल देणारा किमान ॲडव्हान्स’ असे नाव आहे. आम्ही जन्मभर मुलांना व्याकरण शिकविले. आम्हांस हे नाव ऐकताच सूत्रकारांच्या लाघवाची आठवण झाली. सूत्रात अर्थ पूर्ण होण्यास जेवढी अक्षरे लागतात तेवढीच ठेवावयाची. पुढचे प्रत्येक अक्षर दोष मानावयाचे. येथेही न्याय तोच. ‘सर्वाधिक’ हा शब्द सर्वांना आवडतो, पण ‘किमान’ हा त्याचा जोडीदार कोष्टक भरताना विसरला जातो.

घरातील तरुणांनी अशा एंजिनाचा नाद करू नये, असे आमचे म्हणणे नाही. यंत्राचे मर्म जाणण्याची हौस ही विद्येचीच हौस आहे, आणि नऊ हजार फेऱ्यांना बिनचूक चालणारे एंजिन ही मानवी बुद्धीची सुंदर कृति आहे. फक्त पैसे मोजण्यापूर्वी त्यांनी कारागिराला तीन प्रश्न विचारावेत: मूळ खूण दिव्याने तपासली काय? कोणत्या पेट्रोलवर व कोणत्या ऋतूत कोष्टक बसविले? आणि बल वाढणे कोणत्या अंशाला थांबले? ह्या तिसऱ्या प्रश्नाला जो आकडा सांगू शकत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये. वडीलधाऱ्यांना यंत्रातले काही कळत नसले, तरी हे तीन प्रश्न त्यांनीही विचारून ठेवण्यास हरकत नाही.